दख्खनी कळप सुधारायचा: कळपातलाच नर की फलटणचा?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळतेच, आणि तिला जुळी होण्याचा संभव बराच वाढतो. एका पिढीत फरक! मेंढ्याकडे नुसतं बघून मात्र काही कळत नाही, रक्ताची तपासणीच लागते.

दुसरी वाट सामूहिक निवडीची. चार-पाच मेंढपाळांनी आपापल्या चांगल्या मेंढ्यांच्या पोटचे नर बाजूला काढायचे, कानात बिल्ले मारायचे, तीन आणि सहा महिन्यांना ताणकाट्यावर वजन घ्यायचं, सरस ठरलेले नर आपसात फिरवायचे. बाप-लेकीचा संकर टळतो. पण एरवी थोराड, देखणं कोकरूच आधी बाजारात जातं. ते राखायचं तर पैशाची सोय गटालाच करावी लागते. वहीही नीट हवी: जुळ्यातलं कोकरू एकट्याच्या मानाने हलकंच भरणार, तशी नोंद नसेल तर निवड फसते. फळ यायला वर्षं लागतात.

माझं मत? मेंढ्यांचा वाडा एका जागी असेल, घरी चारा-खुराक असेल, तर फलटणचा नर घ्यावा. पावसाळा संपताच कोकणात उतरणाऱ्या कळपाला जुळी जड जातात. चालून दमलेल्या मेंढीला दोघांपुरतं दूध कुठून येणार? तिथे गटाची निवडच बरी.