लिपिओडॉल: लसीकावाहिन्यांच्या कामात एका जुन्या तेलाची पारख

इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीच्या (चित्रण पाहत बारीक सुया व नळ्यांनी उपचार करणाऱ्या शाखेच्या) विभागात लसीकावाहिन्यांचे, म्हणजे लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांचे, चित्रण आणि उपचार नव्याने सुरू करायचे ठरले, की चर्चा बहुधा यंत्रांकडे वळते: एमआरआय कोणता घ्यावा, कॅथलॅब कोणती हवी, मायक्रोकॅथेटर (अतिबारीक नळी) कुठल्या बनावटीचे असावे. प्रत्यक्षात हे काम ज्या वस्तूवर उभे राहते ती १० मिलिलिटरची एक काचेची कुपी आहे आणि यकृताच्या कर्करोगावर कीमोएम्बोलायझेशन (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करणे) करणाऱ्या विभागांच्या कपाटात ती बहुतेक वेळा आधीच असते. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलातील मेदाम्लांना आयोडीन जोडून केलेले तेल. फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी ते १९०१ मध्ये तयार केले आणि आज मिळणाऱ्या द्रवात मिलिलिटरमागे ४८० मिलिग्रॅम आयोडीन असते. त्याचे इतर उपयोग बाजूला ठेवून येथे मी फक्त लसीकावाहिन्यांपुरते बोलणार आहे.

या कामाची जुनी पद्धत फार कष्टाची होती. ब्रिटिश शल्यचिकित्सक किनमॉन्थ यांनी १९५२ मध्ये रूढ केलेल्या तंत्रात पायाच्या बोटांमध्ये निळा रंग टोचून, पावलावर छेद घेऊन, केसाएवढ्या लसीकावाहिनीत सुई बसवावी लागे. पुढे सीटी स्कॅन आल्यावर एवढी यातायात कुणी करेना आणि लिम्फँजिओग्राफी, म्हणजे लसीकावाहिन्यांचे चित्रण, जवळपास विस्मरणात गेली. ती परतली दोन गोष्टींमुळे. अमेरिकेत कॉन्स्टँटिन कोप यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पोटातून सुई घालून थोरॅसिक डक्ट (छातीतून जाणारी मुख्य लसीकावाहिनी) बंद करता येते हे दाखवले. आणि त्यानंतर साधारण दीड दशकाने पावलावरचा छेद सोडून, सोनोग्राफीखाली थेट जांघेतील लसीकाग्रंथीत तेल सोडण्याची पद्धत प्रचारात आली. या दुसऱ्या बदलामुळे सोनोग्राफीवर हात बसलेल्या कोणत्याही इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टला हे काम शिकता येण्याजोगे झाले, आणि माझ्या दृष्टीने खरी कलाटणी तीच होय.

वापरताना या तेलाचा मोठा गुण ताबडतोब लक्षात येतो. पाण्यात विरघळणारे काँट्रास्ट (चित्रात वाहिनी उठून दिसावी म्हणून सोडलेले द्रव्य) लसीकावाहिनीच्या भिंतीतून झिरपते, पातळ होते आणि काही वेळात दिसेनासे होते. तेल मात्र वाहिनीतच राहते आणि फ्लुओरोस्कोपीवर (क्ष-किरणांच्या चालत्या चित्रावर) मण्यांच्या माळेसारखे वर सरकताना स्पष्ट दिसते. पंचवीस गेजची बारीक सुई ग्रंथीच्या बाह्य भागात, केंद्राच्या सीमेलगत स्थिरावली आणि तेल अगदी सावकाश, मिनिटाला मिलिलिटरचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक, सोडले तर चित्र उत्तम मिळते. घाई केली तर ग्रंथी फुटते, तेल आजूबाजूला पसरते आणि त्या बाजूचा मार्ग त्या दिवसापुरता संपतो. तेल दाट असल्यामुळे हाताला जोर लागतो. कुपी शरीराच्या तापमानापर्यंत कोमट केल्यास ते बरेच सुटसुटीत वाहते. सिरिंज आणि थ्री-वे स्टॉपकॉक कोणत्या प्लास्टिकचे आहेत हे आधी तपासावे, कारण पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरीनला हे तेल सोसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, छातीत कायल म्हणजे चरबीयुक्त दुधाळ लसीका साचते तेव्हा या तेलाची खरी किंमत कळते. द्रवातील ट्रायग्लिसराइड ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. मात्र गळती नेमकी कुठे आहे हे त्या आकड्यावरून समजत नाही, ते तेल दाखवते. शिवाय कमरेच्या वरच्या मणक्यांसमोरची सिस्टर्ना कायली (थोरॅसिक डक्टच्या सुरुवातीची पिशवी) भरली, की तेथे बारीक सुई, तार आणि मायक्रोकॅथेटर नेऊन थोरॅसिक डक्ट कॉइल (धातूची बारीक वेटोळी) व ग्लू (वैद्यकीय डिंक) यांनी बंद करता येते. त्या ग्लूमध्येही हेच तेल मिसळतात, कारण त्यामुळे ग्लू क्ष-किरणांत दिसतो आणि गोठण्याचा वेग आवरता येतो. निदानाचा नकाशा, सुईचे लक्ष्य आणि ग्लूचा साथीदार अशी तीन कामे एकच द्रव करतो. त्यावर आणखी एक लाभ असा, की काही रुग्णांत नुसते तेल सोडल्यावरच गळती थांबते आणि पुढच्या टप्प्याची गरज उरत नाही. मात्र रोजची गळती फार मोठी असेल तर यावर विसंबून राहू नये.

दोषही तितकेच खरे आहेत. सोडलेले तेल शेवटी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत आणि तेथून फुप्फुसात पोहोचते. म्हणून ज्यांची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत अशा रुग्णांत मात्रा कमीत कमी ठेवावी किंवा हा मार्ग टाळावा. हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाण्याची वाट असेल तर तेल मेंदूत जाऊ शकते आणि ती जोखीम पत्करण्यासारखी नाही. फाँटन शस्त्रक्रिया (जन्मतः एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या हृदयावर करतात ती) झालेल्या मुलांना लसीकेचे आजार अधिक होतात, आणि नेमक्या त्यांच्यातच अशी वाट पुष्कळदा ठेवलेली असते. त्यांच्यासाठी ग्रंथीत गॅडोलिनियम हे एमआरआयचे काँट्रास्ट सोडून केलेली एमआर लिम्फँजिओग्राफी हाच योग्य पर्याय, आणि ती फुप्फुसाकडे उलट वाहणारी लसीकाही अधिक चांगली दाखवते. जांघेतून सोडलेले तेल यकृताची आणि आतड्यांची लसीका दाखवत नाही, त्यामुळे आतड्यातून प्रथिने गळणाऱ्या रुग्णात त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये. तान्ह्या मुलांत आयोडीनमुळे थायरॉइड मंदावू शकते. नंतर तपासणी करावीच.

खर्चाचा विचार करता कुपीच्या किमतीपेक्षा टेबलावर जाणारा वेळ अधिक महाग पडतो. जांघेपासून सिस्टर्नापर्यंत तेल चढायला तासाच्या आसपास किंवा अधिक वेळ लागू शकतो, आणि विभागप्रमुखाने हे मान्य केले नाही तर दुपारच्या यादीत अशी केस बसणार नाही. सेवा रुजते ती शल्यचिकित्सकांनी रुग्ण लवकर पाठवल्यावर. छातीत बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून दिवसाला लिटरभर किंवा त्याहून अधिक कायल जात असताना, चरबीविरहित आहार आणि ऑक्ट्रिओटाइड या लसीकेचा प्रवाह कमी करणाऱ्या औषधावर आठवडे काढून, रुग्णाचे वजन आणि अल्ब्युमिन दोन्ही ढासळल्यावर रेडिऑलॉजीला फोन करण्याची पद्धत बदलली पाहिजे.

महाराष्ट्रात या कुपीला आणखी एक काम आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव जुना आहे आणि त्यातून उद्भवणारा दुधाळ लघवीचा (लघवीत कायल मिसळण्याचा) त्रास तेथील डॉक्टरांना अपरिचित नाही. औषधांनी आणि मूत्रमार्गातून केलेल्या स्क्लेरोथेरपीनेही (गळती बंद पाडणारे द्रव्य सोडूनही) जो थांबत नाही, अशा रुग्णात मूत्रपिंडाशी जुळलेल्या लसीकावाहिन्या तेलाने स्पष्ट दिसतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी बाजू व पातळी ठरवता येते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत सोनोग्राफी आणि फ्लुओरोस्कोपी उपलब्ध असेल, तर एका कुपीच्या बळावर हे काम आजही सुरू होऊ शकते. त्यासाठी नव्या एमआरआयची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही.