तीन मजली कंपोस्ट डबा, १० महिन्यांनंतर: डबा उत्तम, तोटी चुकीच्या जागी

डब्याबद्दल तक्रार नाही. प्लास्टिक जाड आहे, झाकण घट्ट बसतं, उंदीर शिरत नाही. २० लिटरचे ३ मजले चार माणसांच्या घराला पुरतात. दहा महिन्यांनी लिहावंसं वाटलं ते तळाच्या तोटीमुळे. जुलैत ती आट्यांपाशी तडकली आणि गॅलरीभर काळं पाणी झालं.

तोटीचं तोंड बुडापासून अडीच सेंटिमीटर वर आहे आणि बुडाचा व्यास ३० सेंटिमीटर. हिशेब करा: तोटी पूर्ण उघडली तरी पावणेदोन लिटर पाणी आत राहतंच. त्याला हवा मिळत नाही, ते सडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. खत बिघडलं असं समजून लोक डबा बंद करतात; बिघडलेलं असतं फक्त बुडातलं पाणी. मागच्या बाजूला फरशीचा तुकडा सरकवून डबा तोटीकडे कलता केला तर साठा निम्म्यावर येतो. पण वरचे मजले भरलेले असताना कलता डबा ठेवणं धोक्याचं.

दुसरा दोष पाणी गाळणाऱ्या जाळीचा. ती सपाट आहे, त्यामुळे चहाचा चोथा आणि बारीक खत तिच्यावर शेणासारखं थापलं जातं. पाणी येईना म्हणून तोटी जोराने पिळली जाते आणि पातळ आट्या तडकतात. कंपनीला फोटो पाठवले. हमी २ वर्षांची, पण डब्याची, तोटीची नाही, असं उत्तर आलं. नवी तोटी पैसे घेऊन पाठवली, तीही हुबेहूब तशीच. ज्या भागातून गळती होणार हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, नेमका तोच हमीतून वगळणं मला पटत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. जुनं भोक वॉशर आणि प्लगने बंद करा. बुडाच्या मधोमध २२ मिलिमीटरच्या होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) भोक पाडा, प्लंबरकडे तो असतो. त्यात अर्धा इंची टँक निपल, म्हणजे टाकीला बसवतात ती आट्यांची नळी, बसवा. रबरी वॉशर आतून, चेकनट बाहेरून; नट हातानेच आवळा, पान्याने आवळला की प्लास्टिक चिरतं. निपलवर नारळाच्या शेंड्यांची मूठभर गादी, तिच्यावर दोन इंच खडी, मग शेडनेटचा दुहेरी तुकडा. डबा चार विटांवर ठेवून खाली बाटली. सामान कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

हे सगळं केल्यावर मात्र माझं मत थोडं बदललं. तोटी चुकीच्या जागी आहे हे खरंच, पण रोज पाणी सुटत असेल तर चूक वर, भरण्यात आहे. ओल ५० ते ६० टक्के हवी. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडा माल कमी पडतोय. आमटी-भाजीचं उरलेलं चाळणीत निथळून घाला. ताक शिंपडायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पावसाळ्यात तो पाळू नका. विरजण म्हणून जुन्या खताची एक मूठ पुरते. पहिला मजला तयार झाला की कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी विकत घेण्याचं कारण उरत नाही.

कोरड्या मालासाठी कंपनीची कोकोपीटची वीट लागते असंही नाही. आपल्या भागात उसाची चिपाडं आहेत. साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे तिथली चिपाडं, बॉयलरला जातो, तो कचरा नव्हेच. पण रसवंतीवाला चिपाडं फेकून देतो, मागितली की पोतंभर मिळतात. ती तशीच टाकली तर उरलेल्या साखरेवर मुंग्या आणि चिलटं तुटून पडतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग कोयत्याने इंच-दीड इंच तुकडे करा. लांब पट्ट्या एकमेकींत गुंततात, मधे हवा शिरत नाही आणि माल खालीवर करता येत नाही. प्रमाण मापाने धरा: उन्हाळ्यात दोन वाट्या ओल्या कचऱ्याला एक वाटी चिपाड, पावसाळ्यात बरोबरीने. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर आणखी एक वाटी. सॉ मिलचा भुसा चालतो, प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो.

रोजचा ओला कचरा साधारण ८०० ग्रॅम धरला तर एक मजला २५ दिवसांत भरतो आणि तळाला गेल्यावर आणखी ४५ दिवसांनी चाळण्याजोगा होतो. मिळतं सुमारे ५ किलो. आंब्याची कोय, करवंटी, हाडं घालू नका. द्राक्षांच्या घडांचे देठ चाळणीवर राहतात, ते पुन्हा वरच्या मजल्यात टाका.

पांढरट-तपकिरी जाड अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, माणसाला अपाय करत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. मात्र त्यांच्यामुळे पाणी जास्त सुटतं. वर दोन इंच कोरडा थर द्या.

बाटलीत जमणाऱ्या पाण्याला डब्यावरच्या लेबलात ‘द्रवखत’ म्हटलंय. ते तयार खताचं पाणी नाही, अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचं आहे. दहापट पाणी घालून जास्वंद-मोगऱ्याच्या बुंध्याशी द्या. कोथिंबीर, मेथी, कच्चा खायचा पाला यांच्यावर अजिबात नको.

एक गोष्ट वेळेवर करा. जूनमध्ये रसवंत्या बंद होतात आणि घरातला कचरा नेमका तेव्हाच जास्त ओला असतो. मेच्या उन्हात ३ पोती चिपाडं वाळवून, कापून, तोंड बांधून छपराखाली ठेवा. ऑगस्टपासून इथे नवा निचरा आणि बरोबरीचं चिपाड असं चाललंय. बाटलीत आठवड्याला जेमतेम अर्धा कप पाणी येतं, तेही बिनवासाचं.