खरजेवरचे पर्मेथ्रिन मलम : तीन आठवड्यांचा अनुभव

पुण्यात वसतिगृहात राहणारा मुलगा गणपतीला सांगलीला घरी आला, तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होते. त्याकडे आम्ही दुर्लक्ष केले आणि दसऱ्याच्या सुमारास घरातील सगळेच रात्री अंथरुणात पडल्यावर खाजवू लागले. खरजेचा किडा प्रथमच अंगावर आला की शरीराला त्याची ओळख पटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर खाज सुटत नाही. मात्र तोच किडा पुन्हा आला तर एक-दोन दिवसांतच अंग पेटते. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्या माझ्या आईला खाजेपेक्षा ‘खरूज’ या शब्दाचेच अधिक वाईट वाटले.

प्रथम जवळच्या एका मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमाने दोन दिवस चांगले गेले. त्यात स्टेरॉइड होते. स्टेरॉइड किड्याला काहीच करत नाही, ते शरीराचा प्रतिकार तेवढा दडपते, त्यामुळे खाज थांबते आणि किडे निवांत वाढतात. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाच टक्के पर्मेथ्रिन लिहून दिले.

मलम पांढरे असून अंगात लवकर जिरते, चिकटपणा राहत नाही. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी आणि नखांच्या कडाही न सोडता लावायचे, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचे आणि सात दिवसांनी पुन्हा लावायचे. मोठ्या माणसाला एका वेळी तीस ग्रॅमची ट्यूब लागते, म्हणून एक ट्यूब चौघांत पुरवण्याचा मोह टाळावा. घरातील सर्वांनी एकाच रात्री लावणे महत्त्वाचे. मुलाने पुण्यात त्याच रात्री लावले. कपडे आम्ही कढत पाण्यात धुतले, तर गोधड्या आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

पाचव्या दिवशीही आई खाजवत होती आणि ‘हे औषध काही लागू पडत नाही’ असे म्हणत होती. वास्तविक धडधाकट माणसाच्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. एवढी खाज ते उकरतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या, त्यांच्या अंड्यांच्या आणि विष्ठेच्या विरोधात आपल्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी) दाह निर्माण करतात म्हणून सुटते. किडे मेले तरी तो ऐवज कातडीतच असतो आणि कातडी झडेपर्यंत प्रतिकार शमत नाही. उलट ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, त्यांच्या अंगावर हजारोंनी, कधी लाखोंनी किडे माजतात, जाड खपल्या धरतात, तरी काहींना खाज फारशी जाणवत नाही.

आईची खाज तिसऱ्या आठवड्यात थांबली. औषधाबद्दल तक्रार नाही. एक तारा कापला आहे तो आतल्या घडीपत्रकासाठी : आम्हाला मिळालेल्या खोक्यात ते मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होते, आणि खाज दोन ते चार आठवडे राहू शकते हे मराठीत एका ओळीतही छापलेले नव्हते.