अंटार्क्टिका क्रूझ: सकाळी निको हार्बर, दुपारी पोर्ट लॉकरॉय

अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघणाऱ्या एक्सपिडिशन क्रूझवर आई आणि मी डिसेंबरमधे गेलो होतो, सगळी ट्रिप लिहित बसत नाही, फक्त लँडिंगच्या, म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर उतरायच्या, एका दिवसाबद्दल लिहितेय कारण पैसे त्याच्यासाठीच मोजायचे असतात.

सकाळी निको हार्बर. बाकीची बरीचशी लँडिंग्ज बेटांवर होतात पण हे मेनलँडवर आहे, म्हणजे प्रत्यक्ष खंडावर पाय. बोटीवरून उतरायच्या आधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, आणि आदल्या दिवशी जॅकेट, बॅगा, खिसे सगळं तपासलेलं असतं. आईच्या हातमोज्याच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं एक बारीकसं कुसळ गाइड मुलीने चिमट्याने काढलं, मला तर ते दिसलंही नव्हतं! बाहेरचं एक बी सुद्धा तिथे जाऊ द्यायचं नाही म्हणून एवढी काळजी, मला हे मनापासून आवडलं.

झोडियाकमधे (किनाऱ्यावर नेणारी छोटी रबरी बोट) चढताना हात हातात नाही द्यायचा, एकमेकांचं मनगट धरायचं. आईचे गुडघे दुखतात पण दोन्ही बाजूंनी दोघं उभे असायचे त्यामुळे भीती वाटली नाही.

किनाऱ्यावर उतरलं की थांबायचं नाही, लगेच वर चढायचं, कारण समोरच्या ग्लेशियरचा कडा तुटला की मोठी लाट येते. जेंटू पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं, बर्ड फ्लूमुळे खाली बसायचं नाही, बॅगही टेकवायची नाही. बर्फात पाय रुतून खड्डा पडला तर तो बुजवून मगच पुढे, नाहीतर पेंग्विन त्यात पडून अडकतो. एक जेंटू शेजारच्या घरट्यातला खडा चोचीत उचलून स्वतःच्या घरट्यात ठेवत होता, परत जात होता, परत आणत होता, आणि शेजारीण अंड्यांवरून न उठता नुसती ओरडत होती. आई हलायलाच तयार नव्हती. वास मात्र जबरदस्त येतो, सांगून ठेवते.

दुपारी पोर्ट लॉकरॉय. १९४४ मधे ब्रिटिशांनी युद्धाच्या काळात उभारलेला तळ, आता तिथे म्युझियम आणि पोस्ट ऑफिस आहे. जुनं स्वयंपाकघर आणि फळ्यांवरचे डबे बघण्यासारखे आहेत. पोस्टकार्डं टाकली, ती फॉकलंडमार्गे जातात त्यामुळे घरी पोचायला महिने लागू शकतात. इथे मात्र वेळ फार कमी मिळाला. बेट एवढंसं, त्यात अर्धा भाग पेंग्विनसाठी बंद, म्हणून छोटे छोटे गट करून सोडतात आणि आमचा गट शेवटी होता, तोवर वारा वाढला आणि घाईघाईने परत बोलावलं. वाऱ्याला कोण काय करणार, पण गटांचा क्रम रोज बदलायला हवा होता, सकाळीही आम्हीच शेवटी होतो.

बुकिंग करताना बोटीवर प्रवासी किती एवढं नक्की विचारा. नियमाप्रमाणे एका वेळी किनाऱ्यावर १०० च माणसं उतरू शकतात, ५०० च्या वर प्रवासी असतील तर लँडिंगच नाही. म्हणजे २०० ची बोट असेल तर अर्धा वेळ दुसऱ्या गटाचा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, केबिन लहान घ्या पण बोटही लहानच घ्या. आणि किनाऱ्यावर टॉयलेट नाही, ज्येष्ठ लोक बरोबर असतील तर बोटीवरूनच जाऊन या.