टीएलड्रॉचं मेक रिअल वापरून बघितलं
वेबपान बनवून घेताना एआय चॅटमध्ये "बटण जरा डावीकडे घे, अजून थोडं" असं टाईप करून करून वैतागले होते, मग हे उघडलं. टीएलड्रॉ म्हणजे ब्राउझरमधला चित्रं काढायचा फळा, आणि त्यावरच्या चित्राचं खरं वेबपान बनवतं ते मेक रिअल. २०२३ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा जीपीटी-४ व्हिजनवर, म्हणजे चित्रं बघून समजणाऱ्या ओपनएआयच्या मॉडेलवर चालायचं. कॅनव्हासवर चौकोन काढायचे, सिलेक्ट करायचे, बटण दाबलं की शेजारीच चालतं पान हजर! मी ईएमआय कॅल्क्युलेटर काढला, स्लायडर म्हणजे नुसती रेघ आणि वर एक गोळा, तर तो खरंच सरकायला लागला राव. भारी म्हणजे तयार पानावरच लाल बाण काढून "हे मोठं कर" लिहायचं आणि परत दाबायचं, जुनं बाजूला तसंच राहतं. एपीआय की (एआय कंपनीच्या आपल्या खात्याचा कोड) मात्र स्वतःची टाकली, म्हणजे खर्च आपला. आणि माझं अक्षर डॉक्टरसारखं, त्यामुळे "व्याज"चं काय झालं ते विचारूच नका 😅