जुन्या कोटात घर बांधताय? आधी चर मारायचा, रडार आणायचं की नुसती देखरेख ठेवायची

खान्देशातल्या पारोळ्यासारख्या जुन्या कोटाच्या आतल्या गावात वाडा पाडून नवीन बांधायचं म्हटलं की इंजिनिअर सॉइल टेस्ट करून मोकळा होतो, खाली जुनं काय दडलंय ते मात्र जेसीबी लागल्यावरच कळतं आणि तोपर्यंत कॉलम कुठे येणार हे ठरून गेलेलं असतं.

जमिनीत लहरी सोडून खालचं दाखवणारं रडार दिसायला भारी, खोदायची भानगड नाही, गाडा फिरवला की झालं. पण आपली काळी माती चिकण, ओल धरून ठेवणारी, ती लहरी गिळते. गावठाणाची पांढरी माती तरी बरी असेल असं वाटतं ना, तर तीही बऱ्याचदा खारी असते (धाब्याच्या घराच्या छतावर टाकायला हीच आणायचे की) आणि खारेपणानेही सिग्नल मरतो. मी तरी खान्देशात एकट्या रडारवर पैसे घालणार नाही.

सॉइल टेस्टचा बोअर भराव किती खोल आणि मुरूम कुठे लागतो ते सांगतो. पण भोक वीतभर, धान्य साठवायचा जमिनीतला जुना खड्डा, म्हणजे पेव, हातभर बाजूला असलं तरी पत्ता लागत नाही, आणि तसल्या पोकळ भरावावर फुटिंग (कॉलमचा पाया) आलं की घर खचणारच.

म्हणून बेसमेंट किंवा दोन मजले असतील तर माझं मत चराला. जिथे कॉलम येणार तिथेच घ्या, नाहीतरी ती जागा खोदायचीच असते. हाताने, थराथराने, आणि सोबत पुरातत्त्वाचा जाणकार पाहिजेच, कारण राखेचा थर, चोपलेली जमीन, पेवाचं तोंड आपल्याला सगळं मातीच दिसतं. मनाने उत्खनन करायला जाऊ नका, त्याला परवानगी लागते, आधी राज्य पुरातत्त्वच्या नाशिक ऑफिसला विचारा. उन्हाळ्यातच करा आणि शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीपासून लांब.

जोत्याची दुरुस्ती, पाइपलाइन एवढंच असेल तर खोदताना कोणी जाणकार उभा राहिला तरी पुरे. सुरुवातीला स्वस्त पडतं, पण काही निघालं की मजूर बसून राहतात.

गाव कुठलं यावरही आहे. पारोळ्याचा किल्ला १७२७ चा सांगतात, तिथल्या कोटातला भराव मुख्यतः त्यानंतरचा धरून चाला. गिरणेवरचं बहाळ (उत्खनन १९५२-५३) किंवा तापीवरचं प्रकाशे (१९५५) इथे ताम्रपाषाण काळापासूनचे (तांबं आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरायचे तेव्हाचे) थर निघालेत, तिथे देखरेखीवर भागवणं मला पटत नाही.

आणि केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर आधी टेप काढा. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. नाणी-बिणी निघाली तर १८७८ चा कायदा आहे, १० रुपयांच्या वरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागतं, मजुरांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.