इंग्लंडच्या खेड्यातले घर आणि विक्रेत्याची लेखी उत्तरे

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यातल्या एका खेड्यात ३,८५,००० पौंडांना जुने घर विकत घेतले, आणि त्या घराच्या सांडपाण्याविषयी विक्रेत्याने जे जे लेखी सांगितले होते ते जवळजवळ सगळे खोटे निघाले. प्रकरण आता मिटले आहे. तडजोडीच्या अटींमुळे मी विक्रेत्याचे, एजंटाचे किंवा गावाचे नाव लिहीत नाही. परंतु ही फसवणूक कशी बेतली गेली, ती कुठे पकडता आली असती आणि कायद्याने आमच्या पदरात काय पडले, हे बर्मिंगहॅम, लंडन किंवा लेस्टरच्या भाड्याच्या घरातून खेड्याकडे पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना माहीत असावे, म्हणून हा मजकूर सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे बयाणा दिला, विसारपावती झाली की सौदा बऱ्यापैकी पक्का झाला असे मानले जाते. इंग्लंडमध्ये विक्रेत्याने आपला भाव मान्य केला तरी तो केवळ शब्द असतो. १९८९ च्या कायद्यानुसार जमीन-घराचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा असल्याशिवाय बंधनकारक होत नाही, आणि सॉलिसिटरांमार्फत करारपत्रांची अदलाबदल होऊन साधारणपणे दहा टक्के रक्कम भरली जाईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. या मधल्या आठवड्यांत वाढीव भाव देणारा दुसरा कोणी आला तर विक्रेता उघडपणे त्याच्याकडे जाऊ शकतो, आणि एजंट त्याच भीतीवर आपला व्यवसाय चालवतो. एजंट हा विक्रेत्याचा माणूस असतो, त्याची दलाली विक्रेता देतो, ही गोष्ट त्याच्या गोड बोलण्यात विसरायला होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घराच्या बांधकामातले दोष आपण होऊन सांगण्याची सक्ती इंग्लिश कायदा विक्रेत्यावर सहसा करत नाही. पाहून, तपासून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी. मात्र त्याला प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर दिले, तर ते उत्तर खरे असावे लागते. हे प्रश्न लॉ सोसायटीच्या, म्हणजे सॉलिसिटरांच्या संघटनेच्या, ‘टीए ६’ नावाच्या छापील अर्जात असतात. शेजाऱ्यांशी तंटा आहे का, कोणी तक्रार केली आहे का, घर सार्वजनिक मलवाहिनीला जोडले आहे का, नसेल तर सेप्टिक टँक आहे का, तो शेवटचा कधी उपसला, त्याचा कोणताही भाग घराच्या हद्दीबाहेर आहे का, असे ते प्रश्न. विक्रेता चौकटीत खूण करतो, दोन ओळी लिहितो आणि सही करतो. आमची सारी फसवणूक या अर्जाच्या दोन पानांत मावली होती.

त्या गावात मलवाहिनी नाही, हे आमच्या सॉलिसिटरने मागवलेल्या ड्रेनेजच्या दाखल्यावरून स्पष्ट झाले होते, आणि त्यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक आम्हाला नवीन नाहीत. माझ्या पत्नीचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातले आहे. विक्रेत्याने लिहिले होते की टँक सुस्थितीत आहे, पूर्णपणे घराच्या हद्दीत आहे, त्यातील पाणी बागेखालच्या पाझर-क्षेत्रात मुरते, ते क्षेत्र आधीच्या मालकाने केलेले असल्याने कागदपत्रे उपलब्ध नाहीत, आणि कोणाचीही तक्रार नाही. सोबत मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याची त्याच उन्हाळ्यातली पावती जोडली होती. ती पावती शंभर टक्के खरी होती. लबाडीला खऱ्या कागदाचा आधार दिला की ती किती भक्कम होते, हे मला नंतर कळले.

घर पाहायला आम्ही दरवेळी कोरड्या दिवसांतच गेलो, कारण भेटीच्या वेळा एजंट ठरवत असे. मागच्या अंगणात लाकडी पिंप अर्धे कापून केलेली एक मोठी कुंडी होती आणि तीत लॅव्हेंडर फुललेले होते. आम्ही नेमलेला सर्व्हेअर सर्वांत तपशीलवार, म्हणजे तिसऱ्या स्तराची पाहणी करून गेला; त्याने अहवालात लिहिले की टँकचे झाकण सापडले नाही, सबब तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. आमच्या सॉलिसिटरने तशी मागणी केली. त्यावर उत्तर आले की कॅमेरा घालायचा तर हिरवळ खणावी लागेल, विक्रेत्याचे वय पाहता त्यांना तो त्रास नको आहे, आणि अशा तपासणीचा आग्रह न धरणारे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. सोबत ती पावती पुन्हा पाठवण्यात आली. विक्रेता वागण्यात अत्यंत सभ्य होता. त्याने आम्हाला चहा दिला, गावातल्या चर्चच्या घंटांची माहिती सांगितली, मुलीला सफरचंदे दिली. सभ्यपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मी म्हणेन.

येथे खर्चाची एक बाब सांगतो, कारण ती आपल्या लोकांना हमखास लागू पडते. पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे. इंग्लंडमध्ये घर घेताना जगात कुठेही, ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे घर तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही राहते घर विकून नवे घेत नसाल, तर स्टॅम्प ड्यूटीवर अधिभार लागतो. तो तेव्हा ३ टक्के होता आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला आहे. एजंटाच्या कार्यालयातल्या माणसाने ‘परदेशातले घर धरत नाहीत’ असे बेधडक सांगितले होते. सॉलिसिटरने वेळीच खोडून काढले म्हणून दंड टळला, पण ११,५५० पौंड गेले ते गेलेच, आणि दुरुस्तीसाठी राखलेली शिल्लक त्यात आटली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबेट नावाचे वादळ आले आणि सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात पाऊस थांबेना. खालच्या न्हाणीघरातली जाळी आधी गुरगुरू लागली, मग तीतून काळपट पाणी वर आले, आणि संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरचे शौचालय तुंबले. पावतीवर ज्याचा क्रमांक होता त्या टँकरवाल्यालाच मी बोलावले. तो आला, पत्ता विचारला नाही, चौकशी केली नाही, सरळ मागच्या अंगणात गेला, लॅव्हेंडरचे पिंप दोन्ही हातांनी कडेला सरकवले आणि खालचे बिडाचे झाकण पहारीने उचलले. मी पाहतच राहिलो. तो म्हणाला, ‘तुम्ही नवे मालक दिसता. पावसाळ्यात या घरी मला दर महिन्याला यावे लागते. गेल्या उन्हाळ्यात तर लोक घर पाहायला यायचे त्याच्या आदल्या दिवशीच बोलावत होते.’ साधारणतः असा टँक वर्षातून एकदा उपसावा लागतो.

त्यानंतर ड्रेनेजच्या तज्ज्ञाने नळीतून कॅमेरा घातला. हिरवळ कुठेही खणावी लागली नाही. टँक विटांचा, फार जुना आणि एका बाजूने खचलेला होता. पाझर-क्षेत्र नावाची गोष्ट तिथे अस्तित्वातच नव्हती. टँकमधून निघालेली भाजलेल्या मातीची नळी कुंपणाखालून शेजारच्या बाईंच्या घोड्यांच्या कुरणात शिरत होती आणि तिथून थेट ओढ्यात उघडत होती. खात्री करण्यासाठी त्याने शौचालयात हिरवा रंग ओतला. आम्ही ओढ्याच्या काठावर उभे राहिलो, आणि काही वेळाने गवतात दडलेल्या नळीच्या तोंडातून हिरवे पाणी ओघळू लागले.

सेप्टिक टँकमधले पाणी थेट ओढ्यात किंवा नदीत सोडण्याला इंग्लंडमध्ये बंदी आहे. अशा जुन्या जोडण्या १ जानेवारी २०२० पर्यंत बदलून घेणे बंधनकारक होते. एकतर योग्य पाझर-क्षेत्र करायचे किंवा सांडपाणी शुद्ध करणारे छोटे संयंत्र बसवायचे. घर विकताना ही व्यवस्था काय आहे, कुठे आहे आणि तिची देखभाल कशी करायची हे नव्या मालकाला लेखी कळवण्याचे बंधनही याच नियमांत आहे. घर आमच्या नावावर झाल्याक्षणी ओढा घाण करण्याची जबाबदारीही आमच्या नावावर आली. आमच्या जमिनीत चिकणमाती इतकी आहे की चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यात ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच होते. म्हणजे पाझर-क्षेत्राचा मार्ग बंद. संयंत्र, खोदाई, बांधकाम-परवानगी आणि नवी नळी मिळून १४,८०० पौंडांचे अंदाजपत्रक आले.

कुरणाच्या मालकीणबाईंकडे मी खजील होऊनच गेलो. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवले आणि एक फाईल पुढे ठेवली. त्यात त्यांनी आमच्या विक्रेत्याला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती होत्या: घोडे त्या ओढ्याचे पाणी पितात, वास येतो, नळी माझ्या जमिनीतून कोणत्या हक्काने जाते ते कळवावे. एका पत्राला विक्रेत्याने स्वतःच्या हस्ताक्षरात उत्तर दिले होते की ‘घर विकण्याआधी मी याची व्यवस्था करीन.’ ज्या माणसाने हे लिहिले, त्याने वर्षभरात ‘शेजाऱ्यांची कोणतीही तक्रार नाही’ या चौकटीत खूण केली होती. टँक जुना आहे हे मला ठाऊक नव्हते, अशी मखलाशी त्याला करता आली असती. या पत्रानंतर तीही वाट बंद झाली.

१९६७ चा चुकीच्या माहितीविषयीचा कायदा घेणाऱ्याच्या बाजूने एक मोठी सोय करतो. खोट्या माहितीवर विसंबून करार झाला हे आपण दाखवले, की स्वतः दिलेली माहिती खरी मानायला स्वतःकडे वाजवी कारण होते हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर येतो. सॉलिसिटरने टँकरवाल्याच्या फेऱ्यांची यादी, कॅमेऱ्याचे चित्रण, मालकीणबाईंची पत्रे आणि अर्जाची प्रत जोडून दाव्यापूर्वीची नोटीस पाठवली. पहिले उत्तर ‘माझ्या माहितीप्रमाणे’ या दोन शब्दांवर उभे होते. दुसरे, हस्ताक्षरातले पत्र पाहिल्यावर, बरेच नरमले. एजंटाने मात्र हात वर केले: माहिती विक्रेत्याने दिली, आम्ही छापली, आणि तिच्यावर विसंबू नये असे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलेच आहे. एजंटावरही ग्राहक-कायद्याची बंधने आहेत आणि त्याला तक्रार-निवारण योजनेचे सदस्य असावे लागते, पण दोन आघाड्यांवर लढण्याची ताकद आमच्यात उरली नव्हती. मध्यस्थापुढे ११,००० पौंडांवर तडजोड झाली. त्यातले ४,००० च्या वर वकिलीतच गेले. न्यायालयात गेलो असतो तर कदाचित सगळे मिळाले असते, कदाचित खर्चच अंगावर आला असता; हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता जे खेड्यात घर घेणार आहेत त्यांच्यासाठी. घर मलवाहिनीला जोडलेले नसेल तर उपसल्याची एक पावती कधीही पुरेशी मानू नका; मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या पावत्या मागा, कारण एक पावती देखभाल दाखवते आणि पंधरा पावत्या आजार दाखवतात. कॅमेऱ्याची तपासणी आणि रंगाची चाचणी करारपत्रांच्या अदलाबदलीपूर्वी करू द्या अशी लेखी मागणी सॉलिसिटरमार्फत करा. हे काम काहीशे पौंडांत होते. विक्रेता नाही म्हणाला तर त्याचा नकारही लेखी घ्या आणि तो नकार हेच उत्तर समजून किंमत पाडून मागा किंवा बाजूला व्हा. ‘माहिती नाही’ असे उत्तर आले तर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारायला लावा. एजंटाने तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच संध्याकाळी ईमेलने त्यालाच लिहून पाठवा. शिवाय पावसात एकदा, एजंटाला न कळवता, गावात जाऊन शेजाऱ्यांशी बोला. आपण परके, त्यातून सावळ्या कातडीचे, असे कसे कोणाचे दार वाजवावे, हा संकोच आम्हाला होता. प्रत्यक्षात इंग्लिश खेड्यात दार वाजवून ‘हे घर घ्यायचा विचार आहे’ म्हटले की माणसे हवे त्याहून जास्त सांगतात.

सांडपाण्याखेरीज खेड्यातल्या घरांवर इतरही ओझी असतात, आणि एजंटांच्या तोंडी ती सगळी ‘जुनी कागदी अट’ असतात. आमच्याच गावात एक बंगला आजूबाजूच्या घरांपेक्षा बराच स्वस्त होता; त्यावर शेतीच्या कामात असलेल्यानेच राहावे अशी नियोजन-परवानगीची अट होती. काही ग्रामीण भागांत पूर्वी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, असलेली घरे १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याच्या १५७ व्या कलमान्वये फक्त त्या भागात तीन वर्षे राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसालाच विकता येतात. अशा अटी जमीन-नोंदणीच्या उताऱ्यात किंवा कौन्सिलच्या नोंदीत सापडतात, त्यामुळे त्या लपवणे टँक लपवण्याइतके सोपे नसते. फक्त सॉलिसिटरचा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवा.

नवे संयंत्र बसले आहे. मालकीणबाईंनी नळी कुरणातून नेण्याचा हक्क केवळ वकिलाचा खर्च घेऊन रीतसर लिहून दिला आणि तो दोन्ही घरांच्या उताऱ्यांवर चढला आहे. विक्रेत्यावर दावा करण्याची मुदत अशा प्रकरणांत साधारणपणे सहा वर्षे असते. तोवर अर्ज, ईमेल आणि जाहिरातीतील छायाचित्रे जपून ठेवावीत, विशेषतः जाहिरात, कारण घर विकले गेल्यावर ती कधी काढून टाकली जाईल याचा नेम नसतो.